नागपुरात रिसेल प्लॉट घेताय? बयाण्याच्या आधीपासून फेरफारापर्यंतचा क्रम

नागपुरात प्लॉटचा सौदा साधारण असा होतो. रविवारी दलाल बेसा नाहीतर वाठोड्याकडे नेऊन प्लॉट दाखवतो, "दुसरी पार्टी उद्याच येणार आहे" म्हणतो, आणि सोमवारी संध्याकाळी पाचशेच्या स्टॅम्पवर बयाणा होऊन जातो. त्यानंतर कागद वकिलाकडे जातात. वकील सांगतो की सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे आणि आरएल (प्लॉट नियमित किंवा विक्रीसाठी मोकळा केल्याचं पत्र) फाइलमध्ये नाही. तोवर दोन-पाच लाख समोरच्याकडे गेलेले असतात, आणि खरेदीदाराने माघार घेतली तर बयाणा जप्त होईल अशी ओळही त्या स्टॅम्पवर असते.

फसवणुकीच्या बऱ्याच प्रकरणांत खरेदीदाराने कागद पाहिलेले असतात, पण पैसे देऊन झाल्यावर. म्हणून या लेखात क्रमावर जोर आहे. विषय एकच: नागपूर शहरातला किंवा भोवतालच्या पट्ट्यातला, आधीच कोणाच्या तरी मालकीचा असलेला रहिवासी प्लॉट विकत घेणं. विकणाऱ्यांसाठीही शेवटाकडे एक भाग आहे. त्यांचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं.

## टप्पा १: प्लॉट कोणत्या प्रकारात मोडतो ते ठरवा

भाव विचारायच्या आधी हा प्रश्न. पुढे कोणते कागद मागायचे हे यावरच ठरतं.

मंजूर ले-आऊट. जमीन अकृषक झालेली आहे, नकाशा सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला आहे. जाहिरातीत याला "एनए-टीपी" म्हणतात. शहरात महानगरपालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास, आणि शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रात एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), यांपैकी त्या खसऱ्यासाठी (सर्व्हे नंबरसाठी) प्राधिकरण कोण हे आधी विचारून घ्या. मंजुरीचा आदेश आणि शिक्क्याचा नकाशा दोन्ही हवेत. नुसता आदेश दाखवत असतील तर नकाशाशिवाय पुढे जाऊ नका, कारण तुमचा प्लॉट क्रमांक नकाशावरच सापडतो.

गुंठेवारीतला, म्हणजे नागपुरात "५७२" किंवा "१९००" ले-आऊटच्या यादीतला म्हणून ओळखला जाणारा ले-आऊट. शेतजमिनीवर परवानगीशिवाय पाडलेले आणि नंतर प्रन्यासने नियमितीकरणासाठी घेतलेले हे ले-आऊट. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे. सुरुवातीला १ जानेवारी २००१ पर्यंतच्या विकासालाच तो लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. इथे डिमांड (नियमितीकरणासाठी मागितलेलं शुल्क) भरल्याची पावती आणि नियमितीकरणाचं पत्र हे अत्यावश्यक कागद. नुसता अर्ज केल्याची पावती म्हणजे नियमितीकरण नव्हे, आणि डिमांड नोट निघाली म्हणजे ती भरली असंही नव्हे.

भाडेपट्ट्याचा प्लॉट. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ अशा जुन्या भागांत नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) किंवा प्रन्यासच्या पट्ट्यावरचे प्लॉट बरेच आहेत. इथे विकणाऱ्याकडे मालकी नसते, पट्टा असतो. पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालंय का, शर्तभंगाची नोटीस आहे का, आणि हस्तांतरणाला पूर्वपरवानगी लागते का, हे चार प्रश्न. परवानगी लागत असेल तर ती विकणाऱ्याने आणायची आणि विक्रीपत्राच्या आधी आणायची.

नुसता शेतजमिनीवर दगड रोवून पाडलेला प्लॉट. हा स्वस्त असतो, आणि स्वस्त असण्याचं कारण तेच. मंजुरी नाही, आरएल नाही, बँक कर्ज देत नाही, नकाशा मंजूर होत नाही. तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीमुळे) फेरफारही अनेकदा अडकलेले आहेत. विक्रीपत्रात प्लॉट क्रमांकाऐवजी "अविभक्त हिस्सा" असे शब्द दिसले तर तो बहुधा याच प्रकारातला आहे. माझं मत स्पष्ट आहे: आयुष्याची बचत इथे घालू नका, दलाल कितीही म्हणो की "पुढे होऊन जाईल".

> थांबा: "ग्रामपंचायतीने मंजूर केलेला ले-आऊट" हे वाक्य शहराभोवतालच्या पट्ट्यात अजूनही ऐकू येतं. महानगर क्षेत्रात ले-आऊट मंजूर करणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही. सरपंचाच्या शिक्क्याचा नकाशा दाखवला तर तो प्लॉट चौथ्या प्रकारात टाका.

"आरएल" या दोन अक्षरांबद्दलही सावध राहा. गुंठेवारीच्या ले-आऊटमध्ये ते नियमितीकरणाचं पत्र असतं. मंजूर ले-आऊटमध्ये रस्ते, नाल्या, वीज वगैरे कामं झाल्यावर प्लॉट विक्रीसाठी मोकळे केल्याचं पत्रही याच नावाने चालतं, आणि ते कधी कधी सगळ्या प्लॉटचं एकदम नसून काही क्रमांकांपुरतं असतं. पत्र हातात घ्या आणि तुमचा प्लॉट क्रमांक त्यात आहे का ते बोट ठेवून पाहा.

रिसेल नसून थेट डेव्हलपरकडून घेत असाल तर महारेराचं नोंदणीपत्र पाहा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि ८ पेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. नागपूर जिल्ह्याचे जुने क्रमांक पी५०५ ने सुरू होतात. नोंदणीपत्रावरचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका आणि खसरा तोच दिसतो का बघा. नोंदणीकृत करारनामा न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणं डेव्हलपरला कायद्याने मना आहे.

## टप्पा २: कागद मागा, झेरॉक्स घ्या, पैसे देऊ नका

विकणाऱ्याला किंवा दलालाला एक यादी व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि सगळं आल्याशिवाय आकड्याची बोलणी पुढे नेऊ नका:

- विकणाऱ्याच्या नावाचं नोंदणीकृत विक्रीपत्र आणि त्याची सूची क्रमांक दोन (दस्ताचा नोंदणी कार्यालयातला गोषवारा)
- त्याआधीची सगळी विक्रीपत्रं, मूळ शेतकऱ्यापर्यंत
- चालू सातबारा, आणि नगर भूमापन झालं असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड)
- अकृषक आदेश, मंजूर नकाशा, आरएल, डिमांडच्या पावत्या
- महानगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची चालू कर पावती
- विकणारा वारस असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद
- गृहनिर्माण सहकारी संस्थेचा ले-आऊट असेल तर वाटपपत्र आणि संस्थेचं ना हरकत पत्र

कर पावतीवर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. वीजबिलानेही नाही. हे दोन कागद ताबा कोणाचा आहे याचा अंदाज देतात, तेवढंच. पाच-सात वर्षांच्या पावत्या एकदम कालच्या तारखेला भरलेल्या दिसल्या तर का ते विचारा.

मूळ कागद पाहायला मागा. "मूळ बँकेत आहेत" असं उत्तर आलं तर कर्ज आहे. "मूळ हरवले" असं उत्तर आलं तर पोलीस तक्रार, जाहीर सूचना आणि नोंदणी कार्यालयातली प्रमाणित प्रत, तिन्ही हवं. गहाण ठेवलेले मूळ कागद "हरवले" सांगून दुसऱ्याला प्लॉट विकण्याचा प्रकार जुना आहे.

## टप्पा ३: सातबारा आणि आखीव पत्रिका वाचा

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका; मधल्या काळात नोंद बदललेली असू शकते.

वरून खाली असं वाचा. आधी मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा नंबर विक्रीपत्रातल्याशी जुळवा. मग भूधारणा पद्धत. "भोगवटादार वर्ग १" असेल तर ठीक. "वर्ग २" असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही, आणि परवानगीशिवायचा व्यवहार शर्तभंग ठरतो. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची बंधनं वेगळी आणि कडक आहेत.

मग उजवीकडचा "इतर अधिकार" रकाना. लोक नाव पाहून सातबारा मिटवतात आणि हा रकाना राहून जातो. इथे कुळाची नोंद, बँकेचा बोजा, भूसंपादन, न्यायालयाचा मनाई आदेश, जुन्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचे शेरे सापडतात. तो कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला, तरी त्याखाली सवलत मिळालेल्या जमिनींच्या अटी लगेच संपल्या असं गृहीत धरू नका. शेरा असेल तर त्याचा आदेश मागा.

तळाशी "प्रलंबित फेरफार" असं लिहिलेलं असतं. समोर "नाही" हवं. तिथे क्रमांक दिसला तर त्या फेरफाराची प्रत पटवाऱ्याकडून घ्या, कारण तुमचा बयाणा होत असताना दुसऱ्या कोणाचं तरी नाव चढत असू शकतं.

> विदर्भापुरतं महत्त्वाचं: जमिनीची नोंद "झुडपी जंगल" अशी असेल, किंवा जुन्या अधिकार अभिलेखात कधी तशी होती, तर व्यवहार तिथेच थांबवा. या जमिनी कायद्याच्या दृष्टीने वनजमिनीच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आखीव पत्रिकेत धारकाचं नाव, क्षेत्र, सत्ताप्रकार आणि फेरफाराच्या नोंदी बघा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं आणि आपण बोलतो चौरस फुटांत. ३० बाय ५० चा प्लॉट म्हणजे १५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १३९.३५ चौरस मीटर. आखीव पत्रिकेवर १२८ दिसत असेल आणि तुम्ही १५०० फुटांचे पैसे देत असाल तर सव्वाशे फुटांच्या जवळपास जागा कागदावर नाहीच.

## टप्पा ४: मालकीची साखळी जोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वहीत एक रेघ ओढा. डावीकडे मूळ शेतकरी, उजवीकडे आजचा विकणारा. मधल्या प्रत्येक हस्तांतरणाला नोंदणीकृत दस्त, तारीख आणि दस्त क्रमांक लिहा. जिथे दस्त नाही तिथे साखळी तुटली.

नागपुरातल्या जुन्या ले-आऊटमध्ये साखळी हमखास एका ठिकाणी तुटते. शेतकऱ्याने संस्थेला किंवा ले-आऊट पाडणाऱ्याला विक्रीपत्र करून दिलेलंच नसतं. झालेलं असतं ते करारपत्र, कब्जापत्र आणि आममुखत्यारपत्र. त्या मुखत्यारपत्रावर पुढची वीस वर्षं प्लॉट विकले जातात. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मग शेतकरी जातो, वारसांची नावं चढतात, जमिनीचे भाव वाढलेले असतात, आणि वारस म्हणतात की आमच्या बापाने विकलीच नव्हती. कधी तेच वारस तीच जमीन दुसऱ्याला विकून मोकळे होतात.

अशा साखळीत दोन तारखा शेजारी ठेवून पाहा: मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूची तारीख, आणि त्या मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीपत्राची तारीख. विक्री मृत्यूनंतरची असेल तर ती टिकणं कठीण, कारण देणारा गेला की मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे संपतं. मृत्यूची तारीख वारस फेरफारात असते. तो फेरफार पटवाऱ्याकडे मिळतो. हा एक कागद काढायला लोक कंटाळतात, आणि दाव्यात नेमका तोच पुढे येतो.

नुसत्या करारपत्र-मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठामपणे सांगितलं. विकणाऱ्याच्या हातात एवढेच कागद असतील तर त्याच्याकडे विकण्यासारखी मालकी नाही. मूळ मालकाने किंवा त्याच्या सगळ्या वारसांनी विक्रीपत्रात सही केली तरच पुढे जा.

वारसांचं म्हणाल तर मुली सुटतात. वडिलांनंतर भावांनी आपली नावं लावून घेतली, बहिणी लग्न होऊन अमरावतीला, चंद्रपूरला गेल्या, हे चित्र नेहमीचं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, आणि ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही हेही स्पष्ट केलं. त्यामुळे "बहिणींनी तोंडी हक्क सोडला" याला अर्थ नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणा, किंवा बहिणींना विक्रीपत्रात सहीला बोलवा. अज्ञान मुलाचा स्वतंत्र हिस्सा असेल तर जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर विक्रीला आव्हान देऊ शकतं.

> तपासा: वहीतल्या रेघेवर प्रत्येक जोडाखाली दस्त क्रमांक आहे? प्रत्येक मृत्यूनंतर सगळ्या वारसांची नावं आहेत? प्रत्येक दस्तात प्लॉट क्रमांक, खसरा आणि क्षेत्र तेच आहे? एकाही प्रश्नाचं उत्तर "बहुतेक" असेल तर पुढचा टप्पा नको.

## टप्पा ५: नोंदणी कार्यालयातला शोध, बोजा आणि दावे

साखळी विकणाऱ्याने दिलेल्या कागदांवर जोडली. त्याने न दिलेले कागदही असू शकतात, आणि ते शोधातच सापडतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-शोध आहे. जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातच शोध घ्यावा लागतो. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या आणि लेखी अहवाल घ्या. ओळखीच्या वकिलाने तोंडी "ठीक आहे" म्हणणं म्हणजे शोध नव्हे.

सूची दोन हातात आली की तीन ठिकाणी नजर टाका. रकाना १ मध्ये विलेखाचा प्रकार: तिथे विक्रीपत्र आहे की करारनामा, की आणखी काही. रकाना ४ मध्ये मिळकतीचं वर्णन: प्लॉट क्रमांक, खसरा, मौजा. रकाना ७ आणि ८ मध्ये लिहून देणारा आणि लिहून घेणारा. एकाच प्लॉट क्रमांकासाठी लिहून देणारी तीच संस्था आणि लिहून घेणारे दोन वेगवेगळे लोक दिसले, तर तो प्लॉट दोनदा विकला गेलाय. संस्थांच्या ले-आऊटमध्ये हे घडतं, म्हणून शोध फक्त विकणाऱ्याच्या नावाने न घेता प्लॉट आणि खसऱ्यानेही घ्या.

मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदणी विभागाकडे दिली जाते, तीही शोधात पाहायला सांगा. सरसाई म्हणजे बँकांकडच्या तारणांची केंद्रीय नोंदवही; तिथेही तारण तपासता येतं. दाव्यांसाठी ई-कोर्ट्सवर नागपूर जिल्हा न्यायालयात विकणाऱ्याच्या आणि मूळ मालकाच्या नावाने शोध घ्या. दावा चालू असताना घेतलेल्या मिळकतीवर निकाल खरेदीदारालाही बांधतो, तुम्हाला दावा माहीत असो वा नसो.

## टप्पा ६: जागेवर जा, फीत घेऊन

दलालाने दाखवलेला प्लॉट आणि कागदावरचा प्लॉट एकच आहे का? मोकळ्या ले-आऊटमध्ये सगळे प्लॉट सारखेच दिसतात. कोपऱ्यावरचा, रस्त्यालगतचा दाखवायचा आणि आतला विकायचा, हे सर्रास चालतं.

मंजूर नकाशा हातात घेऊन चतुःसीमा जुळवा. समजा विक्रीपत्रात प्लॉट ४२ साठी पूर्वेस ९ मीटर रस्ता, पश्चिमेस प्लॉट ५१, उत्तरेस प्लॉट ४१, दक्षिणेस प्लॉट ४३ असं आहे. तुम्ही उभे आहात तिथे रस्ता पश्चिमेला असेल तर तुम्ही बहुधा ५१ वर उभे आहात. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघा, दलालाच्या बोटावर नको. मग फितीने चारही बाजू मोजा आणि रस्त्याची रुंदीही मोजा; कागदावर ९ मीटर आणि जागेवर ६ असेल तर कोणीतरी पुढे सरकलंय.

शेजारच्या दोन घरांत जाऊन विचारा. "या प्लॉटवर कोणी येऊन गेलं का?" एवढा प्रश्न पुरतो. ताब्याचा वाद गल्लीला माहीत असतो.

वर उच्च दाबाची वीजवाहिनी, बाजूला नाला, मागे रेल्वेची हद्द असेल तर बांधकामाला अंतर सोडावं लागतं आणि ३० बाय ५० मधलं उरतं ते कमी असतं. विकास आराखड्यातलं आरक्षण किंवा नियोजित रस्ता प्लॉटवरून जात नाही ना, यासाठी प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. ले-आऊटच्या नकाशावर "सार्वजनिक उपयोग" किंवा "मोकळी जागा" म्हणून दाखवलेल्या तुकड्याला नंतर क्रमांक देऊन विकलेलं असतं, असेही व्यवहार सापडतात. तुमचा क्रमांक नकाशावर छापील आहे की पेनाने घातलेला, हे नीट बघा.

हद्दीबद्दल किंचितही शंका असेल तर भूमी अभिलेख विभागाची मोजणी मागा. मोजणीला वेळ जातो, पण दाव्याला त्याहून कितीतरी जास्त जातो.

## टप्पा ७: जाहीर सूचना

वकिलामार्फत शहरात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात सूचना द्या आणि हरकतींसाठी १५ दिवस द्या. निदान एका मराठी दैनिकात असावी. कायद्याने सक्ती नाही, पण प्रामाणिक खरेदीदार म्हणून तुमची बाजू भक्कम होते, आणि बहीण, चुलतभाऊ, जुना बयाणेदार असे लोक याच टप्प्याला बाहेर येतात. विकणारा सूचना द्यायला तयार नसेल तर कारण विचारा. "गावात बोभाटा नको" हे उत्तर मला पटत नाही.

## टप्पा ८: आता बयाणा

इथपर्यंत सगळं जुळलं तरच. घाईत थोडी रक्कम द्यावीच लागली तर ती इतकी लहान ठेवा की बुडाली तरी घर हलणार नाही, चेकने द्या, आणि पावतीवर "कागद समाधानकारक न आढळल्यास संपूर्ण परत" असं लिहून घ्या.

बयाणापत्रात हे हवंच: मिळकतीचं पूर्ण वर्णन चतुःसीमेसह, एकूण मोबदला, दिलेली रक्कम आणि ती कशी दिली, विक्रीपत्राची शेवटची तारीख, विकणाऱ्याने आणायच्या कागदांची यादी, आणि मालकीत दोष निघाला तर किती दिवसांत किती रक्कम परत. जप्तीची अट एकतर्फी ठेवू नका. विकणारा फिरला तर तुम्हाला काय मिळेल, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

विकणारे सगळे सहमालक सही करतील. मोठा भाऊ "मी सगळ्यांच्या वतीने" म्हणतो, त्याला नोंदणीकृत मुखत्यारपत्र मागा.

रक्कम मोठी असेल तर बयाणापत्र नोंदवून घ्या. नोंदवलेला करार ई-शोधात दिसतो आणि दुसऱ्या खरेदीदाराला आपोआप इशारा मिळतो. करारातच ताबा घेत असाल तर महाराष्ट्रात त्यावर विक्रीपत्राइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. ते पुढे विक्रीपत्राच्या वेळी जमा धरलं जातं.

> थांबा: स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. दिलेली रोख बयाणापत्रात दिसत नसेल तर सौदा फिसकटल्यावर ती मागायची कशाच्या आधारावर?

सौदा रखडला तर मुदत लक्षात ठेवा. कराराची अंमलबजावणी मागण्याचा दावा साधारण ३ वर्षांत करावा लागतो: करारात तारीख ठरली असेल तर तिच्यापासून, ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. "पुढच्या महिन्यात करून देतो" ऐकत लोक ही मुदत घालवतात.

## टप्पा ९: विक्रीपत्र आणि पैसे

मसुदा दोन दिवस आधी घरी आणा आणि मोठ्याने वाचा. नावाचं स्पेलिंग, पॅन, मौजा, खसरा, प्लॉट क्रमांक, क्षेत्र दोन्ही एककांत, चतुःसीमा. एक आकडा चुकला तर चूक दुरुस्ती पत्रासाठी विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं, आणि पैसे मिळालेला माणूस पुन्हा येतोच असं नाही.

मुद्रांक शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा शासनाच्या वार्षिक दर तक्त्यातल्या मूल्यावर, यांत जे जास्त त्यावर लागतं. मूळ शुल्कावर नागपुरात स्थानिक संस्थेचे आणि इतर अधिभार असतात, म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेल्या टक्क्यावर पैसे जुळवू नका. मूल्यांकन काढून घ्या. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. चलन ग्रासवर (शासनाच्या ऑनलाइन चलन संकेतस्थळावर) तुमच्याच नावाने भरा आणि पावती जपा.

मोबदला किंवा शासकीय मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही; दर बराच जास्त असतो आणि ५० लाखांची मर्यादाही नसते. मुलगा अमेरिकेत, प्लॉट त्याच्या नावावर, सही वडिलांची मुखत्यारपत्रावर, असे व्यवहार आता बरेच होतात. तिथे सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कमी कापलेल्या कराची वसुली खरेदीदाराकडून होते. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित झालंय का, आणि देणारा हयात आहे का, हेही त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर पाहून घ्या.

रजिस्ट्रीच्या दिवशी क्रम असा ठेवा. आधी त्याच सकाळी सातबारा आणि ई-शोध पुन्हा एकदा बघा. मग दुय्यम निबंधकासमोर सह्या, अंगठे, फोटो, दोन साक्षीदार. उरलेली रक्कम डीडीने किंवा त्याच वेळी आरटीजीएसने; दस्तात डीडीचा किंवा यूटीआर क्रमांक लिहा. मूळ साखळीचे सगळे कागद सहीच्या आधी टेबलावर, "नंतर घरून आणून देतो" नको. विक्रीपत्र सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदवावं लागतं, त्यानंतर दंड बसतो. सही एक दिवस आणि नोंदणी पुढे कधीतरी, असं करूच नका.

### विकणाऱ्यांसाठी

तुमचा धोका एकाच क्षणात आहे: सही झाली आणि पैसे यायचे राहिले. पूर्ण रक्कम मिळाली नाही एवढ्या कारणाने नोंदवलेलं विक्रीपत्र रद्द होत नाही, बाकी रकमेसाठी दावा लावावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दाहीबेन प्रकरणात सांगितलं. त्यामुळे पुढच्या तारखांचे चेक घेऊन विक्रीपत्र करून देऊ नका. दस्तात "संपूर्ण रक्कम मिळाली" हे वाक्य रक्कम खात्यात दिसल्यावरच राहू द्या. ताबाही तेव्हाच. आणि बयाणा घेताना खरेदीदाराच्या नावाऐवजी "किंवा ते सांगतील त्यांच्या नावे" असं लिहून देत असाल तर समजून घ्या की तुमचा प्लॉट नफ्यावर पुढे फिरवला जाणार आहे आणि तोवर तुम्ही अडकून राहणार आहात.

भांडवली नफ्यावर कर किती बसेल हे भाव ठरवण्याआधी काढून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला दोन हिशेबांतला कमी कर भरता येतो: इंडेक्सेशनशिवाय (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के.

## टप्पा १०: रजिस्ट्रीनंतरचे महिने

रजिस्ट्री झाली की पेढे वाटून कागद कपाटात जातात, आणि इथे पुन्हा चूक होते. विक्रीपत्राने मालकी मिळाली, पण महसुली आणि इतर नोंदींत जुनंच नाव आहे. पुढचा ठक त्या जुन्या नावावरच काम करतो.

सातबाऱ्याच्या फेरफाराची सूचना नोंदणी कार्यालयातून तहसीलकडे जाते, तरी तिच्यावर विसंबू नका. पटवाऱ्याकडे फेरफार क्रमांक विचारा, "आपली चावडी" या संकेतस्थळावर नोटीस लागली का बघा. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण सुनावणीला जातं आणि तुम्ही तिथे हजर असायला हवं. आखीव पत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालयात वेगळा अर्ज. सातबाऱ्यावर नाव चढलं की आखीव पत्रिकेवरही चढेल, असं होत नाही.

प्रन्यासच्या किंवा एनएमआरडीएच्या दफ्तरात आरएल जुन्या मालकाच्या नावावर असेल तर तिथे नामांतरण करून घ्या. नकाशा मंजुरीला गेल्यावर हे निघालं तर बांधकाम अडतं. मग महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात मालमत्ता कराचं नाव. फेरफार हा मालकीचा पुरावा नसून महसुली नोंद आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे, त्यामुळे फेरफार झाला म्हणून विक्रीपत्रातला दोष भरून निघत नाही. पण फेरफार न केल्याने दोष नसलेल्या विक्रीपत्रालाही भांडत बसावं लागतं.

प्लॉट रिकामा ठेवणार असाल तर पहिल्याच आठवड्यात तारेचं कुंपण आणि नावाचा फलक लावा, चारही कोपऱ्यांचे तारखेसह फोटो काढा. दर पावसाळ्यानंतर एक चक्कर मारा. गवताआडून शेजारची भिंत दोन फूट आत आलेली तेव्हाच दिसते. अतिक्रमण दिसलं तर तोंडी भांडण करत वर्ष घालवू नका, वकिलाची नोटीस आणि प्राधिकरणाकडे लेखी तक्रार त्याच महिन्यात द्या आणि पोच घ्या.

मूळ विक्रीपत्र, साखळीचे दस्त, आरएल, डिमांडच्या पावत्या आणि मंजूर नकाशा एका फाइलमध्ये ठेवा, सगळ्याची स्कॅन प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, आणि वर्षातून एकदा कर भरताना चालू सातबारा किंवा आखीव पत्रिका काढून त्याच फाइलमध्ये लावत जा.